देवघरासमोर रेसचे निवाडे

बायका चार जणी जमल्या की सासूचे, भिशीचे, लेकरांच्या अभ्यासाचे किस्से निघतात. माझ्याकडं मात्र मोटारींच्या धडकांचे किस्से साठलेत! त्याही खऱ्या मोटारींच्या नाहीत, कॉम्प्युटरवरच्या.

आमचे हे परभणीत शाळामास्तर. धाकटे दीर संतोषभाऊजी यांचं देवगाव फाट्यावर टायरचं दुकान. दोघांनी मिळून ऑनलाइन रेसची लीग काढली, आसपासच्या गावचे दोस्त जमवले. टेबलाला स्टेअरिंग, पायाशी पेडल, कानाला हेडफोन. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की आपापल्या घरून रेस. आणि रेस संपली की भांडण! ‘तू मला दाबलं’, ‘तू आडवा आलास’. पंच कुणाला करावं यावरही भांडण. शेवटी संतोषभाऊजी म्हणाले, “वहिनीला करा. उपासतापास करतात, खोटं बोलायच्या न्हाईत.”

मी म्हटलं, “अहो, मला ब्रेक कुठला अन् क्लच कुठला तेही कळत नाही!”

“म्हणून तर!” सगळे एकदम म्हणाले.

*

मी एकच अट घातली. तक्रार संध्याकाळी दिवा लावल्यावर, व्हिडिओ कॉलवर करायची. फोन मी देवघराकडं तोंड करून ठेवणार. काय झालं ते नृसिंहाच्या फोटोकडं बघून सांगायचं.

पहिल्याच रविवारी सोनपेठच्या बालासाहेबांचा फोन आला. त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे, आणि लीगमध्ये ते तोवर एकदाही जिंकलेले नव्हते. आवाज चढवून म्हणाले, “वहिनी, संतोषनं मला मुद्दाम भिंतीत घातलं! मी आपल्या सरळ लाइनीत चाललो होतो!”

मी फोन देवासमोर ठेवला. “बोला.”

बालासाहेबांनी फोटोकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, “वहिनी, फोन जरा भिंतीकडं करता का? मग सांगतो.”

*

लाइट गेली तर रेस पुन्हा घ्यायची, असा नियम मीच केला. आपल्याकडं लाइटीचा काय भरवसा! पण गंमत अशी की बालासाहेब मागं पडले की नेमकी सोनपेठची लाइट जायची. पुढं असले की राहायची.

एकदा त्यांचा फोन आला, “वहिनी, पुन्हा गेली बघा! समदा अंधार हाय. रेस रद्द करा.”

मी म्हटलं, “करते की. पण बालासाहेब, एवढं सांगा, मागं तुमच्या घरच्या वैनी मिक्सर कशावर फिरवायल्यात?”

*

आमच्या लीगमध्ये देशमुख काकाही आहेत. उभा जन्म एसटीची बस चालवली, रिटायर झाल्यावर करमेना म्हणून लेकानं त्यांना स्टेअरिंग आणून दिलं. काका कुणाला धडकत नाहीत, कुणाला कट मारत नाहीत. मला वाटलं, चला, एक तरी माणूस डोक्याला ताप देणार नाही.

कुठलं काय! पहिल्याच रेसनंतर काकांनी सगळ्यांवर तक्रार केली. सगळ्यांवर!

“सूनबाई, ही पोरं वळणावर ओव्हरटेक करायलीत! तेही डाव्या अंगानं!”

“काका, ही रेस आहे.”

“मग? रेस हाय म्हणून काय रस्ता बापाचा हाय का? लायसन जप्त करा समद्यांचं!”

*

आता खरं दुखणं सांगते.

आमच्या घरी चातुर्मासात प्रत्येकजण काहीतरी सोडतो. मी कांदा-लसूण सोडते. हे दरवर्षी वांगं सोडतात, कारण वांगं यांना मुळातच आवडत नाही. यंदा मी रागावले. म्हटलं, “जे सोडताना जिवावर येतं ते सोडावं माणसानं.”

ह्यांनी विचार केला आणि देवासमोर हात जोडून म्हणाले, “चार महिने रेसमध्ये कुणाला धडकणार नाही.”

मला इतका आनंद झाला की मी शिरा केला! वाटलं, निम्मी भांडणं तर मिटली.

पण झालं भलतंच. पुढची गाडी हातभर जवळ आली की हे घाबरून करकचून ब्रेक दाबायचे, आणि मागचे सगळे येऊन ह्यांच्यावर आदळायचे. एका रविवारी शेवटच्या वळणावर संतोषभाऊजी असे येऊन आदळले की दोघांच्याही गाड्या बाद.

“तुझ्यामुळं माझा नेम मोडला!” हे ओरडले.

“दादा, तुमी मधीच थांबले! मी काय वरून उडून जाऊ?”

“मी कुणाला धडकलो का? तू मला धडकलास!”

त्या दिवसापासून दोघांचा अबोला. ‘वहिनी, दादाला सांगा’, ‘अगं, त्याला सांग’. मी काय टपालखातं आहे का!

भांडण रेसचं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. पण चातुर्मास संपला की पोखर्णीच्या देवळात नृसिंहाला आमच्या घरचा अभिषेक असतो. त्याला दोन्ही भाऊ मांडीला मांडी लावून बसतात. सासरे गेल्यापासून एकदाही चुकलं नाही. यंदा हे म्हणाले, “आपण सकाळी जाऊ.” तिकडून जाऊबाईंचा फोन आला, “आमी दुपारी जातो म्हणायलेत.” एका देवाला एका घरचे दोन अभिषेक! मला घास गोड लागेना.

*

मग मी पंच म्हणून त्या धडकेचा रिप्ले बघायला बसले. पुढून बघितला, मागून बघितला, वरून बघितला. माळ ओढावी तसा बघितला. दिवा लावून दोघांनाही फोनवर घेतलं आणि निवाडा दिला, “ह्यांनी कारण नसताना ब्रेक मारला. भाऊजींनी अंतर ठेवलं नाही. चूक दोघांची. दोघांनाही पेनल्टी.”

वाटलं, न्याय सारखा झाला, आता तरी बोलतील.

ते एकमेकांशी बोलत नव्हतेच. त्या दिवसापासून माझ्याशीही बोलेनात!

*

चातुर्मासातला शेवटचा रविवार. मी मनात नृसिंहाला म्हटलं, देवा, आता तूच बघ बाबा. आणि ह्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले. हेडफोनची वायर काढून आवाज बाहेर करायला लावला. पंचाचा हुकूम!

हे पहिले, मागं संतोषभाऊजी. बाकीचे पार लांब. शेवटचं तेच वळण आलं. ह्यांनी आरशात बघितलं आणि गाडी कडेला थांबवून वाट मोकळी केली. पण भाऊजींनी आधीच ब्रेक लावला होता. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या. समोर शेवटची रेघ दिसायली आणि कुणी हलेना.

मग हे म्हणाले, “जा की.”

“दादा, तुमी जा.”

“अरे, तुला वाट दिली ना? जा म्हणतो!”

“तुमी मोठे. मी न्हाई जायचो.”

“संतोष, ऐक माझं!”

“न्हाई ऐकत! अन् पोखर्णीला किती वाजता निघायचं ते सांगा आधी.”

हे म्हणाले, “सहाला निघू. गाडी तुझी घे, माझ्या गाडीचे टायर गुळगुळीत झालेत.”

“लय दिवसाचं सांगायलोय, बदला म्हणून! दुकान काय परक्याचं हाय का?”

माझे हात आपोआप जोडले गेले. तेवढ्यात मागून एक गाडी भरधाव आली आणि दोघांच्या मधून रेघ ओलांडून गेली. पाठोपाठ स्पीकरवर बालासाहेबांचा रडकुंडीचा आवाज, “वहिनी, दिवा लागायच्या आधी एक तक्रार घ्या! जन्मात पयल्यांदा जिंकलो, अन् हे दोघं तिकडं टायरचं बोलायलेत! एकानं तरी बघितलं का मला?”