सर्कलवरचं कौतुक

गाडी शिकायला मी आणि माझी धाकटी जाऊ एकाच क्लासला जायचो. एकीने चालवायची, दुसरीने मागे बसायचं. आमच्या बनशंकरी भागात सर्कलला वळसा घालण्याआधी उजवीकडच्या गाड्यांसाठी ती थांबली, की शिकवणारे कानडी सर लगेच म्हणायचे, "सरी अक्का, एकदम बरोबर!" मी थांबले, की "अक्का, झोप लागली का?" ती पुण्याहून येऊन जेमतेम वर्ष झालेलं आणि मी जन्मापासून इथली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदा तिच्या वेळी मी मुद्दाम पुढे वाकून पाहिलं. क्लासच्या गाडीत सरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. सर्कल आलं, सरांनी तो दाबला, गाडी थांबली आणि शाबासकी हिला!

मग माझी पाळी आली. सर्कलला मी थांबले आणि हळूच खाली बघितलं. सर चपला काढून, सीटवर मांडी घालून बसले होते.

म्हणजे गाडी मलाच येत होती. तरी घरी पोचेपर्यंत मी धुमसत होते. एकदा मलाही "सरी अक्का" म्हणायला त्यांचं काय जात होतं?