लेकीबरोबर तीन राजधान्या

शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गमध्ये कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडी काढणारी माझी मुलगी मला युरोपात पायी फिरवायला निघाली. पॅरिस, रोम नको. ते म्हणे टूरिस्ट लोकांसाठी. आम्ही स्कोपिये, पॉडगोरिका आणि तिराना या तीन छोट्या देशांच्या राजधान्या बघणार, तेही तिथल्याच माणसांबरोबर चालत. सव्विसाव्या वर्षी मुलगी आपणहून आईला बरोबर नेते आहे, एवढ्यावरच मी हुरळले. शिवाय मला तिला एक सांगायचं होतं. तिची आजी, माझी आई, शिक्षिका नव्हती.

मुलगी तिसरीत असताना शाळेने फॅमिली ट्री करायला सांगितला होता. नवऱ्याकडच्या फांद्यांवर डॉक्टर, वकील ऐटीत बसले. माझ्या आईपाशी येऊन तिची पेन्सिल थांबली. नवरा म्हणाला, "लिही काहीतरी." मी म्हणाले, "टीचर लिही." आई नागपुरात पाच घरी पोळ्या लाटायची, मागच्या दाराने जायची. त्या पोळ्यांवर मी इंजिनीअर झाले, आणि इथे येऊन तिला शिक्षिका करून टाकलं.

स्कोपियेत जुन्या स्टेशनचं घड्याळ १९६३च्या मोठ्या भूकंपाच्या वेळेवर थांबलेलं आहे. त्याखाली उभं राहून मुलीने गाइडला त्याच्या आजोबांबद्दल खोदून खोदून विचारलं. तेव्हा कुठे राहिले, काय खाल्लं, घरातलं कोण गेलं. मी शेजारी घाम पुसत उभी. माझ्या वडिलांचं नावसुद्धा तिला धड सांगता यायचं नाही. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं. पॉडगोरिकात बघण्यासारखं फारसं नव्हतं, पण तिथल्या गाइडच्या घरची कहाणीही तिने काढून घेतलीच. मला राग येत होता, आणि तो मी पायांच्या दुखण्यावर ढकलत होते.

तिरानाची गाइड माझ्याच वयाची बाई. भर चौकात, पंधरा परक्या माणसांसमोर ती म्हणाली, "माझी आई अथेन्सला जाऊन लोकांच्या फरशा पुसायची. त्यावर मी शिकले." आवाज जरासुद्धा खाली नाही. पुढच्याच वाक्याला ती आम्हाला मशिदीचं नक्षीकाम दाखवू लागली. माझ्या मुलीचे डोळे भरून आले होते. निघताना तिने त्या बाईला मिठी मारली.

आता नाही तर कधीच नाही, असं वाटून कॉफी प्यायला बसल्यावर मी सुरुवात केली. "अगं, आपल्याकडेही, तुझी आजी..."

"आई, प्लीज. प्रत्येक गोष्टीत इंडिया नको ना आणूस. इट्स नॉट अ कॉम्पिटिशन."

मला झोंबलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. मी साखर मागवली. उरलेला दिवस आम्ही रंगीत इमारतींचे फोटो काढले.

परत आल्यावर एका शनिवारी आमच्याकडे चार घरची मंडळी जेवायला होती. मुलगीही शिकागोहून आली होती. ती तिरानाच्या त्या बाईची गोष्ट सांगत होती, फार छान सांगत होती. फरशा पुसणाऱ्या आईपाशी आली तेव्हा सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. मग एका काकूंनी सहज विचारलं, "आणि तुझी आजी गं? आईची आई?"

"ती टीचर होती," मुलगी म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "आई, आजी काय शिकवायची? तू कधी सांगितलंच नाहीस."

तीन शहरं मी या प्रश्नासाठी पाय झिजवले होते. ती खरंच ऐकायला थांबली होती. सगळेच थांबले होते. पाहुण्यांत कुणी वकिलाची नात, कुणी डॉक्टरची सून, सगळ्या अशाच.

"गणित," मी म्हणाले. "मुलींच्या शाळेत. फार कडक होती."