दोन बोटांवरचं बी

आज दुकान झाडताना कोपऱ्यात हायड्रोलिक तेलाच्या वासाची जुनी लोखंडी कडी सापडली, आणि मी थेट जळकोटच्या त्या काळ्या रानात जाऊन उभी राहिले.

कंधारात अब्बांचं लेथचं दुकान, अन् मी त्यांच्या हाताखाली तिसऱ्या वर्षाला. जळकोटच्या व्यंकटरावांच्या पेरणी यंत्राला उचलून धरणारा तेलाचा जॅक जास्तच मिटायचा, यंत्र खाली बसायचं. सोयाबीन खोल पडून एक पेरणी वाया गेली होती. जॅकच्या दांड्यावर कडी अडकवली की तो तिथंच थांबतो. कडी जितकी जाड, तितकं यंत्र उंच. अब्बांनी दुकानातल्या फरशीवर माप घेऊन कडी निवडली.

"अब्बा, ही फरशी हाय. रानात चाक रुतंल. ह्याहून जाड लागंल," मी म्हणाले.

व्यंकटराव हसले. "पोरी, चाळीस वर्षांचा हात हाय त्यांचा."

अब्बांनी मी म्हणत होते तशी जाड कडीही काढली. दोन्ही कड्या पिशवीत टाकून रानात आले. त्यांच्या कडीवर एक फेरा मारला, माती उकरली. बी चार बोटं खाली. मग माझी कडी. बी दोन बोटांवर, सोयाबीनला हवं तेवढंच. दहा पावलं पुढं उकरलं, तिथंही दोनच.

तेव्हा वाटलं, मी अब्बांना हरवलं. आज कळतं, गिऱ्हाइकासमोर स्वतःची चूक उकरून बघायला ते आपल्या पायांनी आले होते.

पुढच्या हंगामात व्यंकटराव आले. अब्बांनी टेप उचलला, तर म्हणाले, "तुम्ही बसा चाचा. ताई हाय का?"

अब्बांनी मला अशी हाक मारली की अख्ख्या बाजाराला ऐकू गेली.