अकरा काळे पडदे

प्रत्येक माणूस एक तरी सत्य छातीशी घट्ट धरून चितेवर जातो, असं म्हणतात. माझ्याजवळचं सत्य ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरबद्दल आहे.

हसलात तरी चालेल. दुसऱ्या कुणाचं असतं तर मीही हसलो असतो. पण हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मित्रांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. भित्रा माणूस कबुली देतो ती अशीच — परक्याच्या कानात.

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी संगणक शिकवतो. वय चोपन्न. सत्कार, शाली, दीपप्रज्वलन, ‘ज्ञानगंगा’ वगैरे शब्द यांची टिंगल करण्यात माझी अर्धी नोकरी गेली. कुणी व्यासपीठावरून मूल्यांबद्दल बोलायला लागलं की मागच्या रांगेतले सहकारी माझ्या तोंडाकडे बघतात. ढोंगाची टिंगल करणारा माणूस स्वतः ढोंगी नसतो, असा लोकांचा समज असतो. तो मी कधी खोडून काढला नाही. कशाला काढू?

आमच्या लॅबमध्ये बारा मशीन आहेत, आणि बाराही लिनक्सवर चालतात. प्राचार्य पाहुण्यांना सांगतात, स्वातंत्र्याच्या मूल्यासाठी. खरं म्हणजे ते फुकट असतं म्हणून. ही लॅब मिलिंद सांभाळायचा. कुंभारीहून मोटारसायकलवर यायचा, वय तेव्हा एकतीस. नोकरी कंत्राटी — दर अकरा महिन्यांनी नवा कागद, नवी सही, असं सहा वर्षं. लिनक्सवर गेम चालवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा उसवून, पुन्हा शिवून आपल्या अंगावर बसवणं. मिलिंदनं तो बारा वेळा बसवला. पोरं इतकी खूश झाली की कॉलेजनं आंतरमहाविद्यालयीन गेमिंग स्पर्धाच भरवायचं ठरवलं.

त्याच वर्षी लॅब सहायकाची एक कायम जागा भरायची होती. प्राचार्य मिलिंदला माझ्यासमोर म्हणाले होते, “स्पर्धा नीट पार पाड. तुझं नाव मीच पुढं पाठवतो.” त्या दिवशी त्यानं सगळ्या लॅबला भजी आणली होती. मी दोन प्लेट खाल्ल्या.

आता ड्रायव्हरचं सांगतो, थोडक्यात. संगणक आणि ग्राफिक्स कार्ड यांची भाषा वेगळी. ड्रायव्हर हा मधला दुभाषी. एकाच गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी चालते अशा गावात दुभाषी म्हणजे काय ते समजावायला नको. दुभाषी बदलला की कधी बोलणं सुधारतं, कधी भांडण होतं. म्हणून मिलिंदनं आमचा ड्रायव्हर एका जुन्या आवृत्तीवर रोखून ठेवला होता. बाकी काहीही अपडेट होवो, तो होणार नाही. मी एकदा विचारलंही होतं, नवा का घेत नाहीस म्हणून.

“चालतंय की सर. चालत्या गाडीला खीळ कशाला?”

आणि एक नंबरच्या मशीनवर त्यानं कागद चिकटवला होता: ‘ड्रायव्हरला हात लावू नये. लावल्यास स्वतः निस्तरावे.’

एक नंबरवरच का? कारण एक नंबर हा नमुना होता. मिलिंदनं अशी सोय केली होती की एक नंबरवर जे असेल ते दर रविवारी आपोआप बाकीच्या अकरा मशीनवर उतरायचं. बारा ठिकाणी राबायचं त्याऐवजी एका ठिकाणी. गरज पडली तर घरूनही एक नंबरवर बदल करता यायचा. हुशारीचं काम होतं. फरक फक्त एक: एक नंबरचं कार्ड मागच्या वर्षी जळालं होतं, त्यामुळं त्यात नवं कार्ड होतं. बाकीच्या अकरांत जुनी.

हे सगळं मला ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं अजाणतेपणाची पळवाट मला राहणार नाही.

आता त्याहून लाजिरवाणी गोष्ट. मी एक गेम खेळायचो. ट्रक चालवायचा गेम. युरोपातल्या रस्त्यांवरून माल पोचवायचा, सिग्नल पाळायचे, डिझेल भरायचं, बस. माझ्या गच्चीवरून पुणे-हैदराबाद हायवे दिसतो, त्यावर खरे ट्रक दिवसभर हॉर्न मारत जातात, त्यांच्याकडे मी कधी वळूनही पाहिलं नाही. पण शनिवारी दुपारी, लॅब रिकामी झाली की मी एक नंबरवर बसायचो आणि जर्मनीत टोमॅटो पोचवायचो. हे कुणालाही माहीत नव्हतं. मिलिंदलाही नाही.

त्या गेममध्ये पाऊस पडायचा. आणि आमच्या जुन्या ड्रायव्हरवर काचेवरचे थेंब थेंबांसारखे दिसायचे नाहीत — काळे चौकोन दिसायचे. नव्या ड्रायव्हरमध्ये हे सुधारलंय, असं मी वाचलं होतं.

स्पर्धा सोमवारी होती. शनिवारी मिलिंदनं बाराही मशीन तपासली, दोन वाजता वहीत वेळ लिहून सही केली आणि घरी गेला. पावणेचारला मी एक नंबरवर बसलो, रोखलेला ड्रायव्हर सोडला आणि नवा घातला.

पाऊस सुंदर दिसला. काचेवरून थेंब ओघळत होते, वायपर त्यांना पुसत होता. मी हॅम्बुर्गपर्यंत गेलो.

उद्या रविवार आहे, हे माझ्या लक्षात नव्हतं का? होतं, असं आता वाटतं. जुना ड्रायव्हर परत घालायला वीस मिनिटं लागली असती. पण इथं चाललंय म्हणजे तिथंही चालेल, असं मी स्वतःला सांगितलं — आणि असं सांगणाऱ्या विद्यार्थ्याचे मी गेली पंचवीस वर्षं गुण कापत आलोय.

सोमवारी लॅबच्या दाराला लाल फीत बांधलेली होती. पाहुणे येऊन कापेपर्यंत कुणी आत जायचं नाही, असा हुकूम. मिलिंद सकाळी साडेसातला आला होता, त्याला एकदा मशीन सुरू करून बघायची होती. त्याला माईक जोडायला पाठवलं. फितीमागं अकरा मशीन काय अवस्थेत आहेत हे उद्‌घाटन होईपर्यंत कुणालाच कळण्याची सोय नव्हती. एरवी या फितीवर मी महिनाभर विनोद केले असते.

पाहुण्यांनी फीत कापली. ‘सोलापूरच्या मातीतून जागतिक खेळाडू’ या विषयावर पंचवीस मिनिटं बोलले. मग त्यांना मानानं एक नंबरवर बसवलं. त्यांनी बटण दाबलं, झकास चित्र आलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मग पंढरपूरची, अक्कलकोटची आणि आमची पोरं बाकीच्या मशीनवर बसली.

अकरा पडदे काळे. डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती, बाकी काही नाही. नव्या ड्रायव्हरनं जुन्या कार्डांची साथ सोडलेली होती — कंपन्या सोडतात तशी. एका ओळीत लिहिलेलंही असतं. ती ओळ मी वाचली नव्हती.

मिलिंद आधी वायरी बघत बसला. मग वीज. कुणी काही बदलल्याचा संशय त्याला येईना, कारण त्या मशीनचा पासवर्ड दोघांनाच माहीत होता, त्याला आणि मला. तासभर तो चुकीच्या जागी शोधत राहिला आणि मी त्याच्या मागं उभा राहून “केबल बघ, केबल बघ” म्हणत होतो. एक वाक्य बोललो असतो तर? ‘अरे, शनिवारी मी बदलला ड्रायव्हर.’ त्यानं अकराच्या अकरा दुपारपर्यंत उभी केली असती. मी कायम नोकरीतला माणूस. मला काय झालं असतं? लोक हसले असते. पन्नाशी उलटलेला प्राध्यापक गेममधल्या पावसासाठी... चार दिवस हसले असते.

त्या चार दिवसांसाठी मी गप्प राहिलो. दुसरं काही कारण नाही.

एक वाजेपर्यंत त्याला खरं काय ते सापडलं आणि चार मशीन सुरू झाली. तोवर पाहुणे गेले होते, आणि संघ जेवणाची पाकिटं घेऊन एसटी स्टँडच्या वाटेला लागले होते. स्पर्धा रद्द.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला व्हरांड्यात गाठलं. “सर, शनिवारी पावणेचारला कुणीतरी ड्रायव्हर बदललाय. अपडेटच्या यादीत वेळ दिसती. तुमी होता ना लॅबमधी? कोण आलतं का?”

“नाही बुवा. मी तीनलाच गेलो.”

“बरं,” तो म्हणाला. म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवला त्यानं. शंका असती तर तोंडावर दिसली असती. त्याच्या तोंडावर सगळं दिसायचं.

प्राचार्यांनी चौकशी समिती नेमली. तिघांची. तांत्रिक जाणकार म्हणून तिसरा मी. इथं मी ‘मला यातून वगळा’ म्हणू शकलो असतो; असं म्हणायला काही सबबही लागत नाही. मी होकार दिला. अहवालही मीच लिहिला, कारण माझं मराठी चांगलं आहे.

त्या अहवालात एकही खोटं वाक्य नाही. हे मी अभिमानानं सांगत नाही, पण ते तसंच आहे. ‘बदल लॅबच्या सामायिक खात्यातून झाला.’ खरं. ‘सदर खात्याचा पासवर्ड सहायकाकडे होता.’ खरं. ‘सहायकाने स्वतः केलेल्या सोयीनुसार घरूनही बदल करता येणे शक्य होते.’ खरं. ‘वहीतील वेळा सहायक स्वतःच लिहीत असल्याने त्या पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाहीत.’ हेही खरं. दोन वाजता गेल्याची सही हाच त्याच्या बाजूचा एकमेव कागद होता. तो मी असा फाडला — व्याकरणात एक चूक न करता.

बैठकीत दुसरे सदस्य म्हणाले, “नाही तरी हे असले लोक—” आणि वाक्य अर्ध्यावर सोडलं. मिलिंदचं आडनाव समोरच्या कागदावर होतं. अर्धं वाक्य तिघांनाही पूर्ण कळलं. मी चहा घेतला. त्यांना पुराव्याची गरज नव्हती, आणि ते माझ्या सोयीचं होतं. ही सोय मी वापरली. ही कबुली लिहिताना हात इथं सर्वांत जास्त अडखळला. ड्रायव्हरचं सांगणं त्या मानानं सोपं गेलं.

कायम जागेसाठी त्याचं नाव गेलं नाही. अकरा महिन्यांचा कागदही पुन्हा निघाला नाही. शिवाय कॉलेजात ‘अद्ययावतीकरण नियंत्रण समिती’ स्थापन झाली. अध्यक्ष मी. ती एकदाच भरली, तीत शेंगाची चटणी फार चांगली होती.

जाताना मिलिंद माझ्याकडे अनुभवाचा दाखला मागायला आला. मी ‘काम समाधानकारक’ असं लिहिलं. उत्कृष्ट लिहिलं असतं तर अहवालाशी विसंगत झालं असतं.

दोन वर्षांनी मी दुधनीला गेलो. तिथं त्याची सासुरवाडी. बाजाराच्या रस्त्याला त्यानं संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, तिथंच अर्जही भरून द्यायचा. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. पण नुसतं कसं जायचं? म्हणून सोबत बिघडलेला लॅपटॉप घेतला. खरंच बिघडलेला होता.

“सर! या की, बसा हितं.” त्यानं गिऱ्हाइकाला उठवून मला खुर्ची दिली आणि त्याला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. त्यातलं ‘नम्म मेष्ट्रु’ मला कळलं — आमचे गुरुजी. तेवढं कन्नड मला येतं.

त्यानं लॅपटॉप उघडला, काळा पडदा बघितला. “तुमी अपडेट मारला का, सर?”

“आपोआप झालं असेल,” मी म्हणालो.

“हां, होतं आसं.” आणि तो कामाला लागला. वीस मिनिटं मी त्याच्या हातांकडे बघत होतो. सुरुवात कशी करायची ते वाक्य माझ्याकडे तयार होतं; बसमध्ये तीनदा घोळवलं होतं. मध्येच तो म्हणाला, “कॉलेजात जागा निघाली तर कळवा की. हितं जमतंय, पण लॅबची सर नाय.”

“कळवतो,” मी म्हणालो.

दुधनीत त्याचं बरं चाललंय, असं सांगून मला इथं सुटता येईल. पण त्याला दुकान नको होतं. त्याला ती जागा हवी होती, आणि ती त्याची होती. त्या जागेवर आता दुसरा माणूस आहे. निवड समितीवर मी होतो.

चहा झाला. दुरुस्तीचं त्यानं काही घेतलं नाही, “सरांकडनं घेऊ का?” म्हणून लॅपटॉपची पिशवी माझ्या हातात दिली आणि बसपर्यंत सोडायला आला. बस सुटेपर्यंत तो खिडकीखाली उभा होता. बस वेळेवर सुटली नाही, चांगली दहा मिनिटं थांबली. म्हणजे वेळ होता.

लॅपटॉप तेव्हापासून नीट चालतोय.