दगडी कप

दामले मास्तरांकडचा कप मी कधी बेधडक उचलला नाही. ट्रेमधल्या चारांतला एक संगमरवरी असे, आतून भरीव. त्याच्या कानात बोट घालून उचलायला जावं तर मनगटाला हिसका बसे. मास्तर मिशीत हसत. "नजर फार आळशी असते, वहिनी. हात फसला की मगच जागी होते."

पन्नास सालानंतर ह्यांची जयपूरला बदली झाली, तेव्हापासूनचा आमचा शेजार. मास्तर कलाशाळेत मूर्तिकाम शिकवीत. माणसांचे पुतळे करण्यात त्यांचा हातखंडा. त्यांच्या पत्नी कुसुमताई म्हणत, "जगाची नाकं घडवतात, पण बायकोकडे बघायला सवड नाही." विषमज्वराचं निमित्त झालं आणि त्या चार दिवसांत गेल्या.

त्यानंतर हे सुरू झालं. आधी कप, मग तांब्या, पोळपाटावरची अर्धी लाटलेली पोळी, दाराशी त्यांच्या चपला, त्यातली एक जरा पुढे. सगळं दगडाचं आणि नेहमीच्या जागी. कुसुमताई आतून आत्ता बाहेर येतील असं वाटे. खरं सांगते, मला त्या घराची भीती वाटे.

दगड पोचवणारा कारागीर एकदा म्हणाला, "मास्साब, भगवान बनाइए. चप्पल कौन पूजेगा?"

"भगवान की सूरत तो सबको याद है, भैया," मास्तर म्हणाले.

याचा अर्थ मला पुढे एका दुपारी कळला. त्यांनी ओलं फडकं बाजूला केलं. खाली मातीचं डोकं होतं. अंबाडा, कपाळ, कान, सगळं हुबेहूब. मधे मात्र नुसता सपाट गोळा. घरात फोटो एकच, लग्नातला, आणि त्यात कुसुमताईंची मान खाली, चेहरा मुंडावळ्यांआड.

"इतकी वर्षं समोरासमोर बसून चहा प्यायलो," मास्तर म्हणाले. "कप आठवतो, चेहरा येत नाही. तिच्या वस्तू केल्या तर त्यांच्यामागून येईल असं वाटलं होतं. वहिनी, तुम्ही तर रोज भेटायचात. तीळ कुठल्या गालावर होता?"

मला त्यांच्या लुगड्यांचे काठसुद्धा आठवत होते. तीळ आठवेना.

मास्तर गेले तेव्हाही ते डोकं तसंच होतं, वाळून तडकलेलं. कप मी मागून घेतला. तो आमच्या फळीवर बाकीच्या कपांत असतो आणि सकाळी अजून माझा हात चुकतो. मग मी वळून ह्यांच्याकडे बघते.

"काय झालं?" हे विचारतात.

"काही नाही," म्हणते, आणि डाव्या भुवईवरचा तो जुना व्रण नीट बघून घेऊन चहा ओतते.