कलम चौदा आणि सासूबाईंचे एक्याऐंशी दिवे

शनिवारी माझ्या सासूबाईंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. रविवारी त्यांचे सहस्रचंद्रदर्शन झाले. सोमवारी डोळ्यावरची पट्टी निघाली आणि त्याच संध्याकाळी माझ्या संगणकाने त्यांना पुन्हा आंधळे केले. या प्रकारास जबाबदार : व्हिडिओ एडिटिंगचे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी, हाय-डेफिनिशन कॅमकॉर्डर घेऊन आलेला माझा मेहुणा श्रीधर आणि सदर कंपनीच्या करारातील कलम चौदा. (ऑपरेशन आणि सोहळा लागोपाठच्या दिवशी कोणी ठरवले, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. मीच ठरवले.)

सासूबाईंना स्वतःचा सोहळा दिसलाच नव्हता. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यापुढे धुके. "येत्या शनिवारी चिपळूणला जायच्या आधी एकदा डोळे भरून बघीन," एवढीच त्यांची इच्छा होती.

मुलुंडच्या आमच्या घरात सगळे संगणकापुढे बसले. मी सोहळ्याचे चित्रण लावले. भटजींचा आवाज आला, सनई आली. पडदा मात्र शेवाळासारखा हिरवागार!

"नलू," सासूबाई माझ्या पत्नीचा हात धरून म्हणाल्या, "ऑपरेशन फसलं गं माझं. सगळं हिरवं दिसतंय!"

"अगं आई, सगळ्यांनाच हिरवं दिसतंय."

"म्हणजे सगळ्यांचेच डोळे गेले?"

श्रीधर पुढे सरसावला. "भाऊजी, तुमचं सॉफ्टवेअर टेपच्या जमान्यातलं. त्याला एचडी झेपत नाही. ते बघा, अपडेट मागतंय. 'मान्य आहे' दाबा, दहा मिनिटांत काम झकास!"

"करार न वाचता?"

"कोण वाचतं यार... म्हणजे, भाऊजी!"

मी वाचतो. उभी नोकरी न्यायालयाच्या कचेरीत गेली आहे. मंगळवारी दुपारी मी कलम चौदापाशी पोहोचलो : कंपनी कोणतीही अट पूर्वसूचनेविना बदलू शकेल आणि ती बदललेली अट ग्राहकास मान्य आहे असे गृहीत धरले जाईल. म्हणजे मान्य आज मी करायचे आणि काय मान्य केले ते उद्या त्यांनी ठरवायचे! मी तत्काळ हरकतपत्र पाठवले. उत्तर आले : "प्रिय ग्राहक, आपण अपडेट करून पाहिलेत का?" मी दुसरे पत्र पाठवले. तेच उत्तर आले, या खेपेस शेवटी हसरा चेहरा जोडून!

"अहो, तुमचा लढा आईच्या गाडीच्या आधी संपेल का?" नलिनीने विचारले.

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"हा आईचा प्रश्न आहे!"

सासूबाई रोज त्या हिरव्या पडद्यापुढे बसून डोळे मिटून सनई ऐकत. गुरुवारी शेजारच्या कुलकर्णीबाई शिरा घेऊन आल्या आणि दारातच कुजबुजल्या, "आजींची दृष्टी गेली म्हणे?"

शुक्रवारी मी तिसरे पत्र, म्हणजे रीतसर नोटीस, रजिस्टर करण्यासाठी पोस्टात गेलो. परतलो तर घरात हशा! पडद्यावर सासूबाई, नथीच्या मोत्यांसकट लखलखीत.

"माझ्या नावाने संमती कोणी दिली?"

नलिनी छताकडे पाहू लागली. श्रीधर पंख्याकडे.

"ते 'मान्य आहे' मी दाबलं हो," सासूबाई म्हणाल्या. "डोळा कसा झालाय ते बघत होते. कोपऱ्यातली बारीक अक्षरंसुद्धा लागली मला!"

मी कलम चौदा समजावून सांगणार, एवढ्यात औक्षण आले आणि एक्याऐंशी दिव्यांच्या जागी पडदाभर माझी पाठ आली. दिवे बरोबर एक्याऐंशीच आहेत ना, याची जातीने तपासणी करत मी कॅमेऱ्यापुढे उभा होतो! सदऱ्याच्या उसवलेल्या शिवणीचा धागान् धागा दिसत होता.

"आई," मी खजील होऊन म्हणालो, "तुम्हाला तर काहीच दिसलं नाही."

"दिसलं की! तुमचा चष्मा पडला आणि तुम्ही वाकलात ना, तेवढ्यात. केवढा उजेड होता हो माझ्या तोंडावर!"

तरीही कंपनीने पुढील प्रश्नाचे जाहीर उत्तर द्यावे, अशी माझी मागणी आहे : चित्रणात मध्येच उभा राहिलेला जावई पुसून टाकण्याची सोय या नव्या आवृत्तीत का नाही? (प्रश्न पत्नीचा आहे. सही माझी.)