दगडाला पाणी

“दगडाला पानी पाजताय व्हय?”

खांद्यावरची घागर मी स्लॅबवर ओतत होतो. विचारणारा बिरूबा, ओढ्याकाठी मेंढरं घेऊन उतरलेला म्हातारा धनगर.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. पौडच्या पुढे, बरंच आत, ओढ्यावर छोटा पूल बांधायचा होता. मी नवा ओव्हरसिअर. स्लॅब घातला आणि मजूर भाताच्या पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजायला आपापल्या गावी पांगले. पाणी मारायला ठेवलेला गडीही गेला. उरलो मी, माझा तंबू आणि स्लॅब.

लोकांना वाटतं काँक्रीट वाळून घट्ट होतं. तसं नाही. सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच लागतं. पहिले दोन-तीन आठवडे ते ओलं राहिलं पाहिजे. आधी वाळलं तर कच्चं राहतं, भेगा पडतात. म्हणून वर गोणपाटं अंथरून ती सतत भिजवायची. ह्याला क्युअरिंग म्हणतात. वैशाखात गोणपाट बघता बघता पापडासारखं कडक व्हायचं.

ओढ्यात एकच डोह उरला होता. मी त्यातलंच पाणी उपसायचो, बिरूबाची मेंढरंही तेच प्यायची. दिवसभरात बोलायला तो एकटाच. संध्याकाळी तंबूशी येऊन बसायचा, बहुतेक वेळ गप्प. तरी दुपारपासून मी त्याची वाट बघायचो.

डोह खाली चालला. साहेब जीपनं आले तेव्हा मी सांगून पाहिलं.

“साहेब, दोघांना पुरेल एवढं पाणी नाही. धनगराची मेंढरं आहेत.”

“एस्टिमेटमध्ये मेंढरं नाहीत. स्लॅब बिघडला तर तोडून परत घालावा लागेल, आणि ते पावसाआधी होणार नाही. पलीकडच्या वाड्या यंदाही अडकतील. त्यांना काय सांगशील?”

मी गोणपाटांवर वाळू पसरून तीही भिजवली, म्हणजे ओल टिकते. पाणी कमी लागू लागलं. तरी डोहाचा तळ दिसलाच.

त्या संध्याकाळी बिरूबा बसला नाही.

“मी पाणी कमी करतो, बिरूबा,” मी म्हणालो. करता येणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

“नगं सायेब. तुमचा दगूड उटून पान्याकडं जात न्हाई. मेंढरं जात्यात.”

सकाळी त्यानं घोड्यावर बिऱ्हाड लादलं आणि कळप घेऊन निघून गेला. मी घागर धरून उभा. रडू आलं, सांगायला आता हरकत नाही. त्यानंतर मी स्लॅबशी बोलायला लागलो. शिव्याही घातल्या. पाणी मात्र तोडलं नाही.

स्लॅब उत्तम झाला. साहेबांनी हातोडीनं वाजवून पाहिला आणि मान डोलावली. त्या पावसाळ्यात वाड्यांची माणसं कोरड्या पायांनी ओढा ओलांडत होती.

पुढे प्रत्येक साइटवर क्युअरिंगसाठी मी दोन माणसं मागत आलो. “पाणी मारायला दोघं कशाला?” असं वरचे विचारायचे.

घागरी जड असतात, असं मी सांगायचो.